पाचवा नकाशा

४ मार्च

"ज्यांना घरात खुळं म्हणतात आणि कचेरीत ज्यांच्या पाठीमागे खुसखुस चालते, अशा माझ्या सभासद बंधुभगिनींनो! बुडालेल्या खंडाचं नाव काढलं की समोरच्याच्या ओठाचा कोपरा कसा हलतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आजवर ते हसू आपल्या दाराबाहेर थांबत होतं. आज ते शिडी घेऊन आत आलं आहे!"

आजच्या भाषणाची ही सुरुवात. विसरण्याआधी उतरवून ठेवली. टाळ्या इतक्या पडल्या की पुढचं वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

प्रकरण असं. मंडळाच्या दर्शनखोलीत दोन ठिकाणी पाणी ठिबकलं म्हणून अध्यक्षांनी गवंड्याला बोलावलं. त्याने काठीने छत ठोकून पाहिलं आणि निकाल दिला, "वरच्या मजल्यावरची टाकी झिरपतेय, आणि ती काही आजची नाही. चुन्याचा गिलावा लाकडी पट्ट्यांपासून सुटलाय. पोकळ वाजतंय सगळं. महिनाभर खोली बंद ठेवा, सगळं उतरवून नवं करून देतो."

पंचाहत्तर वर्षांत त्या खोलीतला एक खिळा हललेला नाही. आमच्या गुरुवर्यांनी, ज्यांना आम्ही नकाशेकार म्हणतो, याच खोलीत बुडालेलं खंड शोधलं. एकतीस मार्चला पहिल्या नकाशाला पंचाहत्तर वर्षं होतात. सव्वाशे माणसं येणार आहेत, आणि हा म्हणतो महिनाभर कुलूप! मी उभा राहिलो. वीस मिनिटं बोललो. मतं पडली एकेचाळीस विरुद्ध तीन. छताला हात लागणार नाही.

गवंडी शिडी खांद्यावर घेत अध्यक्षांना म्हणाला, "वकीलसाहेब, मतदान झालं ते छताला कळवलंत का?"

अध्यक्षांना हसू आलं. मला आलं नाही.

७ मार्च

नकाशेकारांचं चरित्र मी लिहावं असा ठराव झाला. छापखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासली; आता स्वतःच्या मजकुरावर कोणी खुणा करील. पहिलं प्रकरण आज झालं.

हा माणूस बंदराच्या कचेरीत नकलनवीस होता. समुद्राच्या खोलीचे तक्ते समोर ठेवून दिवसभर त्यांच्या नकला काढायच्या. वीस वर्षं त्याने पाण्याखालची जमीन आकड्यांत पाहिली. थिऑसॉफीची, म्हणजे गूढ ब्रह्मविद्येची, चळवळ तेव्हा अगदी नवी होती. तिच्यात शिरलेल्या पहिल्या काही माणसांपैकी तो एक. इतरांनी अटलांटिसवर, लेम्युरियावर पुस्तकं वाचली. याला स्वतःचं खंड हवं होतं. त्याची अकरा वर्षांची पुतणी होती, तिला "दिसायचं". तो तिला दर्शनखोलीतल्या लांब बाकावर उताणी झोपवायचा, प्रश्न विचारायचा आणि उत्तरं उतरवायचा. त्यातून बारा वर्षांत चार पुस्तकं आणि चार नकाशे निघाले. पहिल्या नकाशात अखंड भूमी. पुढच्या प्रत्येक नकाशात समुद्र थोडा आत शिरलेला.

त्याचा नियम आजही त्या भिंतीवर चौकटीत आहे : "द्रष्ट्याला काय दिसतं ते विचारावं. कुठे दिसतं ते कधीही विचारू नये." का? कारण तर्काचा स्पर्श झाला की दृष्टी विटते. केवढी शिस्त आहे यात!

हिला चरित्राची पानं वाचून दाखवली. ही शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे तिच्यापुढे वाचणं म्हणजे परीक्षेला बसणं.

"पंधराव्या पानावर समुद्र तपकिरी आहे म्हणतो तुझा माणूस," ही म्हणाली.

"तपकिरी, आणि किनाऱ्याला पिवळी झालर. चारही पुस्तकांत तेच वर्णन आहे. बारा वर्षांत एकदाही विसंगती नाही. कल्पनेच्या समुद्राला कोणी निळा सोडून दुसरा रंग दिला असता का?"

"तेच म्हणतेय मी. समुद्र बघितलेल्या माणसाला असा समुद्र सुचणार नाही."

मला वाटतं, तिला थोडं पटलं.

१० मार्च

पाचवं पुस्तक अपुरं आहे. वहीत नकाशाची फक्त चौकट आखलेली आहे, आत काही नाही. एकतीस तारखेला सव्वाशे माणसांना मी रिकामी चौकट दाखवू?

आज बारकी छापखान्यात डबा घेऊन आली. अकरा पूर्ण होतील तिला पुढच्या महिन्यात. खिडकीतून ढगांकडे बघत म्हणाली, "बाबा, तो बघा, सायकलवर बसलेला उंट." माझ्या हातातली पेन्सिल थांबली. पुतणीचं वय तेव्हा हेच होतं.

घरी विषय काढला.

"माझ्या मुलीला बाकावर झोपवून तिच्याकडून जमीन काढून घेणार तू?" ही म्हणाली.

"अर्धा तास. उताणं पडायचं, दिसेल ते सांगायचं. यात भिण्यासारखं काय आहे?"

"मला भुताखेतांची भीती नाही रे. तू ऐकून काय करशील त्याची भीती आहे."

बारकी मधेच म्हणाली, "आई, झोपायचंच तर आहे. गणितापेक्षा बरं."

ठरलं.

१२ मार्च

पहिलं दर्शन. आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दुपारी चार. अध्यक्ष, मी आणि बारकी. तिला नकाशे दाखवलेले नाहीत, पुस्तकं वाचायला दिलेली नाहीत. तेवढी काळजी मी घेतली. बाकावर उताणी. डोळे उघडे, जसे पुतणीचे असायचे. दहा मिनिटं काही नाही. मग म्हणाली, "एक मोठी जमीन आहे. तिची शेपटी डावीकडे वळलीय."

अध्यक्षांनी माझा दंड धरला. चौथ्या नकाशातलं पश्चिमेचं भूशिर!

"आणि?"

"कडेला तपकिरी आहे. मग पिवळं."

मी शब्द न् शब्द उतरवून घेतला. पंचाहत्तर वर्षांनी, एका अजाण मुलीच्या तोंडून, तोच समुद्र! हसा आता! अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना ते बारकीच्या पाया पडायला वाकले, तेव्हा ती इतकी घाबरली की बाकामागे जाऊन उभी राहिली.

आता रोज दर्शन.

१५ मार्च

गवंडी विसरलेली काठी न्यायला आला. दर्शन संपलं होतं. तो भिंतीवरच्या चार नकाशांसमोर उभा राहिला. चष्मा वर करून पाहिलं. मग छताकडे. मग परत नकाशांकडे.

"छताचं चित्र चांगलं काढलंय कोणीतरी," तो म्हणाला. "पण हे जुनं दिसतंय. आता ओल त्या कोपऱ्यापर्यंत गेलीय."

मी त्याला बाहेर काढलं. शांतपणे काढलं, हे स्वतःला सांगतो आहे, पण शांतपणे काढलं नाही. ज्याने जन्मभर भिंती पाहिल्या त्याला जगात भिंतीच दिसणार. मी म्हणालो, "तुमची काठी मिळाली ना? या आता." तो दारातून म्हणाला, "पोरीला तिथे झोपवू नका एवढंच सांगतो. मला मत नाही तुमच्या मंडळात."

संध्याकाळभर राग गेला नाही. का गेला नाही कळत नाही. उपहासाची मला सवय आहे.

१८ मार्च

आजची नोंद काळजीपूर्वक करतो.

उत्तरेच्या बाजूला, बाकाच्या बरोबर वर, एक भेग आहे. पंधरा तारखेपासून मी ती मोजतो आहे. शिडीवर चढून दोरा लावतो, गाठ मारतो, खाली येऊन हाताने मोजतो. पंधराला दोन हात. आज अडीच हात आणि चार बोटं.

आणि आज दर्शनात बारकी म्हणाली, "उत्तरेची नदी लांब झाली."

मी अध्यक्षांना दोरा दाखवला. त्यांनी तो दोनदा मापून पाहिला. मग म्हणाले, "खोलीसुद्धा साक्ष देतेय." अगदी हेच शब्द माझ्या मनात होते. द्रष्ट्रीला तिकडे जे दिसतं, त्याचा ठसा इथे, दर्शनाच्या जागी, चुन्यात उमटतो आहे. नकाशेकारांनी तिसऱ्या पुस्तकात लिहिलंय ते आता कळतं :

"उत्तरेचा भूभाग एका सकाळी नव्हता. पांढरी धूळ उडाली, आणि जिथे नगरं होती तिथे सरळ, एकमेकांना समांतर, सारख्या अंतरावरच्या रेषा उघड्या पडल्या. ते त्या लोकांचे राजरस्ते असावेत. इतके सरळ रस्ते आपल्याला अजून साधलेले नाहीत."

पाचवा नकाशा आता निम्मा भरला आहे. एकतीस तारखेला तो पडद्याआडून बाहेर येईल, आणि बारकी बाकावर असेल, सव्वाशे माणसांसमोर. खुर्च्यांची पहिली रांग बाकाला लागून मांडायची, म्हणजे तिचा आवाज पोचेल.

२१ मार्च

चरित्राचं शेवटचं प्रकरण अडलं आहे. चौथ्या पुस्तकानंतर नकाशेकार सहा वर्षं जगले आणि दर्शनाची एक ओळ लिहिली नाही. वहीतली शेवटची नोंद एवढीच : "पुतणी आज आजारी. तिच्या जागी मी बाकावर पडलो." बस. पुढे कोरी पानं.

मी लिहिलं : "त्यांना स्वतःला जे दिसलं ते शब्दांत मावणारं नव्हतं." वाक्य चांगलं आहे.

कपाटात त्यांचं एक पत्रही सापडलं, मृत्यूच्या महिन्यातलं, तेव्हाच्या समितीला. "माझी एकच विनंती. दर्शनखोलीचं छत काढून टाका. नवं करा. आजवर मला सांगायचं धैर्य झालं नाही." खाली समितीचा शेरा : "गुरुवर्यांची विनम्रता. आपल्यामागे आपली स्मृती राहू नये अशी त्यांची इच्छा. ठराव : छत जसं आहे तसं जपावं."

केवढी माणसं होती ती! त्यांची विनंती मोडून त्यांचा मान राखला.

२३ मार्च

पुतणी हयात आहे, हे मला आज कळलं. लाज वाटली. शहराच्या दुसऱ्या टोकाला सुनेजवळ असते. वय शहाऐंशी. मंडळात तिला कोणी साठ वर्षांत बोलावलं नाही, कारण तिने लग्नानंतर यायचं सोडलं आणि आम्ही ते मनाला लावून घेतलं.

आजी पाय पसरून खिडकीशी बसली होती. मी नमस्कार केला, बारकीच्या दर्शनाची हकिगत सांगितली, अगदी तपशिलात.

"तोच बाक?" आजीने विचारलं.

"तोच. जागासुद्धा तीच. तसूभर हलवलेला नाही."

"पोरीच्या डोळ्यांत काही पडत नाही ना?"

"दिव्य दृष्टीचा ताण पडतो थोडा," मी म्हणालो.

आजीने पाय जवळ घेतले. मग सुनेला म्हणाली, "यांना चहा दे गं. फार लांबून आलेत." मी म्हटलं, बसने फक्त पाऊण तास. ती म्हणाली, "हो, पण तुम्ही फार लांबून आलात. पोरीला घेऊन या एकदा. तुम्ही एकटे समजणार नाही."

गूढ बोलण्याची तिची ती जुनी धाटणी अजून गेली नाही.

२६ मार्च

बारकीच्या डोळ्याला पट्टी आहे.

काल दर्शन चालू असताना ती एकदम किंचाळली. "डोळ्यात काहीतरी गेलं!" अध्यक्ष म्हणाले, "तेज असतं ते, सहन कर बाळ." मीही म्हणालो. मी काय म्हणालो ते इथे लिहितो, म्हणजे मला नंतर बदलता येणार नाही. मी म्हणालो, "हात लावू नकोस. काय दिसतं ते सांग."

तिने सांगितलं. रडत रडत सांगितलं. मी लिहून घेतलं.

घरी हिने डोळा धुतला, धुतल्यावरही तो लाल, म्हणून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने कापसावर काढून दाखवलं. तांदळाच्या कणीएवढा चुना. "घरी रंगकाम चाललंय का?" त्याने विचारलं.

 परत येताना जिन्यावर ही एवढंच म्हणाली, "तुझ्या खंडाचा तुकडा सांभाळून ठेवलाय मी. कापसात आहे."

डोळा वाचेल म्हणतात. दहा दिवस पट्टी.

२७ मार्च

कामाला गेलो नाही. मंडळाची किल्ली माझ्याकडे असते. सकाळी दहाला एकटाच दर्शनखोलीत गेलो. दार लावून घेतलं. आणि बाकावर उताणा पडलो.

आठ वर्षं या मंडळात बोलतो आहे. या बाकापासून चार पावलांवर उभा राहून शंभरावर भाषणं केली. एकदाही पडलो नव्हतो. बाक पवित्र. द्रष्ट्याशिवाय कोणी बसत नाही.

पश्चिमेचं भूशिर डावीकडे वळलेलं होतं. समुद्र तपकिरी होता, पाण्याचे डाग वाळले की होतात तसा, कडेला पिवळी झालर. उत्तरेच्या कोपऱ्यात गिलाव्याचा जुना तुकडा पडून गेलेला, आणि आत लाकडी पट्ट्या. सरळ, समांतर, सारख्या अंतरावर. राजरस्ते.

मी उठलो नाही. किती वेळ पडून होतो माहीत नाही. मग भिंतीवरचा चौथा नकाशा काढला आणि छताकडे हात लांब करून धरला, छापखान्यात दोन मुद्रितं उजेडात एकावर एक धरतो तसा. एक रेषा इकडची तिकडे नव्हती. ओल फक्त पुढे गेलेली.

आणि भेग. माझी भेग, जी मी रोज दोऱ्याने मोजत होतो आणि मोजून आनंदत होतो. साडेतीन हात. तिच्या खाली मी पडलो होतो. तिच्या खाली रोज माझी मुलगी पडली होती. तिथे मी पहिली रांग मांडणार होतो.

उठताना छातीवर पांढरी भुकटी होती.

२८ मार्च

बारकीला घेऊन आजीकडे गेलो. आजीने तिच्या पट्टीकडे पाहिलं आणि तिला जवळ ओढलं.

"कोळी दिसला का गं तुला?"

"हो! मोठा. पण मी बाबांना सांगितलं नाही. बाबा म्हणाले फक्त जमीन सांग."

"मी सांगितला होता," आजी म्हणाली. "काकांनी अख्खं प्रकरण लिहिलं त्याच्यावर. आठ पायांचा, डोंगरावरून उलटा चालणारा प्राणी. चित्रसुद्धा छापलं."

माझ्या चरित्रात त्या प्राण्यावर तीन पानं आहेत.

"आजी, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? छताकडे बघतेय म्हणून?"

"विचारलं कोणी? काय दिसतं विचारायचे, मी सांगायची. खोटं एक अक्षर बोलले नाही. काकांना वाटायचं मी समाधीत आहे. मला वाटायचं काका छताची चौकशी करतायत, मोठ्या माणसांना असतात छंद. कळलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि त्यांची चार पुस्तकं निघाली होती. मग ते स्वतः पडले बाकावर. त्या दिवशी घरी आले ते माझ्याकडे बघून हसले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, बरा होता गं कोळी."

मी माझा बेत सांगितला. लोक माझं ऐकणार नाहीत; छताला हात लावू नका म्हणून मीच त्यांना बांधून घेतलंय. पण आजीने येऊन सांगितलं, की पाचवा प्रलय दिसतो आहे, या खोलीतून निघा, तर एका मिनिटात खोली रिकामी होईल. नकाशेकारांचं नाव राहील. माणसं वाचतील.

"आणि त्यानंतर?" आजीने विचारलं. "पुढच्या महिन्यात आणखी कुठली पोर झोपवतील बाकावर?"

मी बारकीची पट्टी नीट केली. आजीच पुढे म्हणाली,

"मी खरं बोलून बारा वर्षं खोटं केलंय. आता उरलेल्या दिवसांत खोटं बोलून खरं करायला लावू नका. तुम्ही बोलणारे आहात ना? बोला."

३० मार्च

अध्यक्षांकडे गेलो. नकाशा, दोरा, कापसातली कणी, सगळं टेबलावर ठेवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. जन्मभर वकिली केलेला माणूस.

"मुलीच्या डोळ्याला लागलं, तुमचं मन हललंय. स्वाभाविक आहे," ते म्हणाले.

"साहेब, तुम्ही फक्त एकदा बाकावर पडा."

"द्रष्ट्याशिवाय कोणी पडत नाही. नियम तुम्हीच मला समजावून सांगितलात, चार तारखेला. फार सुंदर बोललात त्या दिवशी."

"छत पडणार आहे!"

"एकेचाळीस मतं आहेत, आणि ती तुम्ही मिळवलेली आहेत." त्यांनी दोरा गुंडाळून माझ्या हातात दिला. किल्लीही मागून घेतली.

समारंभ तिथेच. खुर्च्या मांडल्या गेल्या आहेत. आज आठ जणांच्या घरी गेलो. दोघांनी दार उघडलं नाही, तिघांनी माझंच भाषण मला ऐकवलं. पालिकेच्या कचेरीत अर्ज दिला. कारकून म्हणाला, पाहणीला पंधरा दिवस लागतात. उद्या समारंभ आहे. 

३१ मार्च

आजचं आजच लिहितो.

खोली भरली होती. एकशे तीस तरी. माझं नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापलेलं, म्हणून मला अडवता आलं नाही. ही शेवटच्या रांगेत, दाराशी. बारकीला तिने घरी ठेवलं होतं. मंचावर उभा राहून मी पहिल्यांदाच वर पाहिलं. भेग खिडकीपर्यंत पोचली होती आणि मध्ये फुगवटा आला होता, भाकरीला येतो तसा.

मी सगळं सांगितलं. समुद्र म्हणजे ओल. रस्ते म्हणजे पट्ट्या. प्राणी म्हणजे कोळी. एवढं म्हटल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "लाज नाही वाटत?" दुसरा म्हणाला, "बाहेरच्यांनी फितवलाय याला!" मी म्हणालो, हात जोडतो, बाहेर चला, मग मला काय वाटेल ते म्हणा. कोणी हललं नाही. उलट पुढे सरकून बसले. श्रद्धेची परीक्षा आहे असं वाटलं त्यांना. मीच शिकवलंय ते.

मग मला एकच गोष्ट सुचली. बोलणं मला येतं, आणि माणसांना काय झोंबतं तेही येतं. मी म्हणालो, "तुमचे नकाशेकार कोळ्याच्या जाळ्याखाली झोपलेल्या एका पोरीला फसले, आणि तुम्ही त्यांना फसलात. बाहेरचे हसतात ते बरोबर हसतात. मीही आजपासून त्यांच्यात." आणि मी हसलो. मंचावरून, तोंडावर, मोठ्याने हसलो. इतकं घाणेरडं काम मी आयुष्यात केलं नाही.

पहिली रांग उठली. मग दुसरी. "बहिष्कार! बहिष्कार!" सगळी खोली उठली आणि माझा निषेध करत अंगणात गेली. अध्यक्ष तेवढे खुर्चीत बसून. मी त्यांचा हात धरला. त्यांनी झटकला. तेव्हा हिने मागून येऊन त्यांची काठी उचलली आणि चालू लागली. काठीसाठी ते तिच्या मागे दारापर्यंत आले.

अंगणात माझ्या हकालपट्टीचा ठराव वाचला जात होता, तेव्हा आत आवाज झाला. फार मोठा नाही. पोतं टाकल्यासारखा. मग दारातून पांढरी धूळ बाहेर आली.

उत्तरेची बाजू गेली. बाकाचे दोन तुकडे.

२ एप्रिल

वाटलं होतं, आता तरी संपलं.

मंडळाचं पत्रक आलं. माझी हकालपट्टी कायम. आणि : "उत्तरेचा भूभाग लोपला! पाचवा नकाशा खरा ठरला! द्रष्ट्रीने वर्तवलेली खूण सर्वांनी डोळ्यांनी पाहिली. येत्या रविवारी पाच वाजता दर्शनखोलीतच महासभा. प्रत्येकाने घरचा चौथा नकाशा बरोबर आणावा. पडलेल्या गिलाव्याचे कण सभासदांना देण्यात येतील."

हिने ते दोनदा वाचलं. "छत पडलं म्हणून त्याच छताखाली सभा?"

तीनातले दोन वाटे गिलावा अजून वर लटकतो आहे. पट्ट्या भिजून काळ्या पडल्या आहेत, मी खिडकीतून पाहिलं. पत्रकात बारकीचा उल्लेख आहे. पालिकेचा माणूस म्हणतो, रविवारी कचेरी बंद.

बारकी म्हणाली, "बाबा, मी खोटं बोलले का?"

"नाही. तुला दिसलं ते तू सांगितलंस. मी कुठे दिसतं ते विचारलं नाही."

"मग आता विचारा ना."

५ एप्रिल, रविवार दुपार

पट्टी काल निघाली. तीन वाजता निघतो. ही, बारकी, गवंडी त्याच्या शिडीसकट आणि आजी, रिक्षातून. आत शिरू देणार नाहीत, म्हणून फाटकाशी उभा राहणार. नकाशेकारांचं पत्र खिशात आहे. हे म्हणायचं :

"ज्यांना घरात खुळं म्हणतात, अशा माझ्या बंधुभगिनींनो! त्या दिवशी मीही तुम्हाला हसलो. ते हसू खोटं होतं, तुम्हाला बाहेर काढायचं होतं म्हणून हसलो, आणि त्याची क्षमा मागतो. पण चार मार्चला तुमच्याशी जे बोललो, त्याची क्षमा मला मागता येत नाही. ते फार मोठं आहे.

नकाशेकार लबाड नव्हते. त्यांना चूक कळली, आणि मरणापूर्वी त्यांनी एकच गोष्ट मागितली : हे छत काढा. हे त्यांचं पत्र, त्यांच्या हातचं. आपण त्यांच्यावर इतकं प्रेम केलं की त्यांचं एक वाक्य ऐकलं नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. गवंड्यावर नको, या आजीवर नको, माझ्या मुलीवरही नको. तुमच्या प्रत्येकाच्या घरी चौथा नकाशा आहे, आज तो तुम्ही बरोबर आणला आहे. उंबरठा ओलांडू नका. दारात थांबा. नकाशा हातात उंच धरा, आणि एकदा वर बघा."